पाचव्या मजल्यावरचे बूट

हर्नडन, व्हर्जिनिया
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय लता,

तुझ्या मुलाने माझ्याकडे लेखी जबानी मागितली आहे, म्हणून हे पत्र. जपानच्या सहलीत, मात्सुमोतोच्या किल्ल्यावर त्या दुपारी काय झालं, ते मी पाहिलं तसं लिहून द्यायचं. डिसेंबरात प्रसाद तुला मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे आणि माझा कागद डॉक्टरसमोर ठेवणार आहे. मी हो म्हटलं आहे. मात्र तुला विचारल्याशिवाय एक ओळही लिहिणार नाही. तू माझ्या भावाची बायको आहेस. विनय आज नाही, म्हणून तुझी बाजू ऐकून घेणं माझ्याकडे येतं.

फोन करून पाहिला. एकदा तू चकल्यांवर गेलीस, एकदा शिकागोच्या थंडीवर, आणि एकदा "दारात कुणीतरी आलंय" म्हणालीस. कागदावर विषय बदलला तर तो बदललेला दिसतो. म्हणून कागद.

मला ठाऊक आहे ते मांडते. चूक असेल तिथे खूण कर.

किल्ल्याच्या दारात सगळ्यांनी बूट काढले. तिथे ते बाहेर ठेवत नाहीत. प्लास्टिकची पिशवी देतात, बूट तिच्यात घालायचे आणि पिशवी हातात धरून सगळे मजले चढायचे. तू नाक मुरडलंस, पण पिशवी घेतलीस. आपण चढलो. उतरल्यावर तू कुठे दिसेनास. बाकीची सगळी ज्येष्ठ मंडळी बसमध्ये बसली आणि आपला सहलप्रमुख कुमार खंदकाभोवती धावत सुटला. शेवटी तू सापडलीस ती त्या बेडकांच्या पुतळ्यांच्या गल्लीत, मोज्यांवर लाकडी खडावा चढवून, माशाच्या आकाराचा केक खात. बूट कुठे, असं कुमारने विचारलं, मी विचारलं, आपल्याच सहलीतल्या रुपालीने तर मोबाइल तुझ्या तोंडासमोर धरून विचारलं. तू हसलीस आणि म्हणालीस, "आठवत नाही हो."

तो व्हिडिओ रुपालीने ग्रुपवर टाकला, "आमच्या लताकाकू जपानी झाल्या!" असं वर लिहून. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले. प्रसादला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मलाही आता दिसत नाही.

खरं काय ते लिही. मी जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. पाहिलेलं आणि वाटलेलं यांत मी गल्लत करत नाही, आणि दुसऱ्याला करू देत नाही.

शोभना


शिकागो
१८ नोव्हेंबर

ती. शोभनाताईंस सा. न.

तुमचं पत्र म्हणजे तोंडी परीक्षाच. खूण करते: तो केक नव्हता. आत लाल कडधान्याचं पुरण होतं. पुरणपोळीच ती, फक्त माशासारखी. तुम्ही खाल्ली नाहीत, तुमचं नुकसान.

बाकी मात्सुमोतो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. रस्त्याच्या कडेला ती झऱ्याची विहीर होती ना, तिथे सायकल लावून एक बाई बाटल्या भरत होती. तिने आधी आपल्याला प्यायला दिलं, मग स्वतःच्या भरल्या. तुम्ही म्हणालात, "नागपुरात असती तर टँकरवाल्याने विकली असती." मग त्या जुन्या गोदामांचा रस्ता. काळ्या भिंतीवर पांढऱ्या तिरप्या चौकटी, शंकरपाळे कापावेत तशा. आणि किल्ला! सगळे किल्ले पांढरे दाखवतात, हा काळा कुळकुळीत. पाण्यात उलटा दिसायचा आणि बदक पोहत गेलं की मोडायचा. फाटकाशी फोटोसाठी समुराईचा वेष करून एक माणूस उभा होता, त्याला तुम्ही म्हणालात, "नीट ताठ उभे राहा." मराठीत! आणि तो राहिला.

इथली हकीकत अशी. प्रसाद दिवाळीला येऊन गेला. परतल्यावर फोन आला की गाडीची किल्ली चुकून खिशात राहिली. म्हणजे गाडी शिकागोत, किल्ली सांता क्लारात. पाठव म्हटलं तर म्हणतो, "आई, आधी डॉक्टर होऊ दे." मी आता डेव्हन ॲव्हेन्यूला बसने जाते. कोथिंबीर, नारळ, दहा पौंडांचं पीठ, सगळं मांडीवर. माझ्या गाडीतून देवळात जाणाऱ्या तिघीजणी आता घरीच बसतात. शिवाय तो मला तिकडच्या घरांचे फोटो पाठवतो. प्रत्येकात एक खोली, मागच्या बाजूची, आणि खाली लिहिलेलं असतं, "आईची." माझ्या फ्लॅटला काय भाव येईल तेही त्याने विचारून ठेवलंय.

तुम्ही मात्र काळजी करू नका. बूट जुनेच होते. देवळात चपला गेल्या की पीडा जाते म्हणतात. तसंच समजायचं.

तुमची
लता


हर्नडन
२३ नोव्हेंबर

लता,

पत्र दोनदा वाचलं. विहिरीवरच्या बाईची सायकल तुला आठवते. मी समुराईला काय बोलले ते आठवते, जे मी स्वतः विसरले होते. शंकरपाळ्यांची उपमा तुला सुचते. आणि हातातले बूट तेवढे आठवत नाहीत. विसरणं असं निवडक नसतं. निवडक असतं ते लपवणं.

दुसरी गोष्ट. "देवळात चपला गेल्या" असं तू लिहिलंस. आपण किल्ल्यात होतो. तू त्याला देऊळ का म्हणालीस?

तू माझी गंमत केलीस तरी चालेल, पण हे समजून घे. प्रसादने जे चालवलं आहे त्याला तुझ्या दोन शब्दांचा आधार आहे: "आठवत नाही." तू ते खरं म्हणून बोलली असशील तर मी तसं लिहीन, आणि तुला सांता क्लाराच्या मागच्या खोलीत जावं लागेल. खोटं म्हणून बोलली असशील तर फ्लॅट जाण्याआधी सांग.

शोभना


शिकागो
२ डिसेंबर

ती. शोभनाताईंस सा. न.

बरेच दिवस लावले. दोन पत्रं लिहून फाडली. आता सांगते.

त्या सकाळी बसमध्ये मी वाटेतल्या एका जुन्या झाडाला हात जोडले. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हिला विजेचा खांब दाखवा, त्यालाही प्रदक्षिणा घालेल." बस हसली. मीही हसले. राग नाही, पण ते डोक्यात राहिलं.

मग किल्ला. खाली गाइडबाईंनी गोष्ट सांगितली होती, तुम्ही तेव्हा तिकिटावरचा इतिहास वाचत होतात. फार पूर्वी पहाऱ्यावरच्या एका तरुण शिपायाला देवी दिसली. तिने त्याला जरीची पिशवी दिली, उघडू नको म्हणाली, आणि दर महिन्याला भाताचा नैवेद्य दे, किल्ला सुखरूप राहील, असं सांगितलं. त्या देवीची जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर, आढ्यात आहे.

मी पाचव्या मजल्यावर पोचले आणि शेवटच्या जिन्यापाशी थबकले. वर देवी आणि माझ्या हातात पायताण! प्लास्टिकच्या पिशवीत घातलं म्हणून काय ते बूट नव्हेत? माझे पाय उचलेनात. मग जिन्याशेजारच्या खांबामागे, भिंतीकडे तोंड करून पिशवी ठेवली. कुणाचा पाय लागू नये म्हणून माझा जांभळा रुमाल वर पसरला, तो कशिद्याच्या मोराचा. आणि वर गेले. वर फक्त लाकूड आणि वारा. आढ्यात लहानसं देवघर, दोरी, पांढरे कागद. पलीकडे डोंगरांवर बर्फ. पर्समध्ये डेव्हनवरून आणलेल्या पोह्यांच्या चिवड्याची पुडी होती. पोहे म्हणजे तांदूळच. पुडी कपाळाला लावली, मनात नैवेद्य दाखवला. मागितलं काही नाही. एक फोटो काढला.

उतरताना शाळेच्या मुलांचा लोंढा आला. त्यांनी मला ढकलत दुसऱ्या बाजूने पार खाली आणलं. परत वर जाऊ देईनात, चढायची रांग वेगळी. मला त्यांचं कळेना, त्यांना माझं. मोज्यांवर बाहेर आले आणि गावात पायात घालायला काहीतरी शोधत गेले. त्या गल्लीत खडावा मिळाल्या. भूक लागली होती म्हणून मासा खाल्ला.

आणि समोरून तुम्ही आलात, मागे रुपालीचा मोबाइल. देवीसाठी बूट सोडून आले, हे तुमच्यासमोर, त्या बससमोर सांगू? त्यापेक्षा "आठवत नाही" सोपं वाटलं. एका वाक्यात सुटले. ते वाक्य विमानात बसून माझ्या घरी येईल हे कुठे माहीत होतं?

प्रसादला हे सांगितलं तर तो म्हणेल, आई देवीला चिवडा दाखवून मोज्यांवर परक्या गावात हिंडत होती. बरं दिसेल का ते डॉक्टरपुढे?

तरी तुम्हाला लिहावंसं वाटलं तर लिहा. फक्त एक. तुम्ही वर आला नव्हतात, हे लिहायची गरज नाही. चौथ्या मजल्यावर त्या उभ्या जिन्याकडे पाहून तुम्ही बाकावर बसलात, म्हणालात, "तू हो पुढे, मी आलेच." नंतर बसमध्ये तुम्ही वरून दिसणाऱ्या डोंगरांचं वर्णन केलंत, माहितीपत्रकातलं. मी काही बोलले नाही. पुढेही बोलणार नाही. गुडघ्यांना काही लाज नसते, पण माणसाला असते.

हो, आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये तुम्ही जो चिवडा मागून खाल्लात, तो प्रसादाचा होता. आता काय करणार!

लता


हर्नडन
८ डिसेंबर

प्रिय प्रसाद,

तू मागितलेली हकीकत देते.

तुझ्या आईने किल्ल्याच्या दारात बूट पिशवीत घेतले, हे मी पाहिलं. चौथ्या मजल्यापर्यंत ती माझ्याबरोबर होती. पुढचा जिना शिडीसारखा उभा आहे. माझे गुडघे तयार नव्हते, मी तिथेच बसले. त्यामुळे पाचव्या आणि सहाव्या मजल्यावर काय झालं, याची मी साक्षीदार नाही. फोनवर मी तुला "आम्ही दोघी वर होतो" असं सांगितलं होतं. ते वाक्य मागे घेते.

वर काय झालं ते तुझ्या आईने मला पत्रात कळवलं आहे. तिचं सगळं पत्र तिच्या परवानगीने सोबत पाठवते. मला ते सुसंगत वाटतं. मी त्यातलं काहीही केलं नसतं, पण मी केलं नसतं म्हणून ते भ्रमिष्टपणाचं ठरत नाही. ज्या बाईला आपण देऊळ पाहून चपला बाहेर काढताना आयुष्यभर पाहिलं, तिने तेच पाचव्या मजल्यावर केलं.

तिने खोटं एकच सांगितलं, "आठवत नाही." ते माझ्या टोमण्याच्या धाकाने. तो टोमणा मी मारला होता, आणि बस भरून माणसांनी ऐकला होता. विचारून घे.

तुझी
शोभनाआत्या


सांता क्लारा
१२ डिसेंबर, ईमेल

आत्या,

लेटर वाचलं. तू एवढं ऑनेस्टली लिहिलंस, थँक्स. आणि चौथ्या फ्लोअरचं ऐकून, सॉरी, पण मी हसलो.

पण फ्रँकली सांगू? आईची स्टोरी खूप नीट आहे. टू नीट. तिला कव्हर करता येतं, आत्या. तुला माहीत नाही. बाबांचं शेवटी जे झालं ते अचानक झालं असं सगळ्यांना वाटतं. तसं नव्हतं. दोन वर्षं ते रस्ते विसरत होते, बिलं डबल भरत होते, आणि आई सगळं झाकत होती. बाबा चुकीच्या एक्झिटने बाहेर पडले की ती म्हणायची, "मीच म्हटलं जरा फिरून जाऊ." मी दर वीकेंडला फोन करायचो आणि दर वीकेंडला सगळं "मस्त" असायचं. कळलं तेव्हा ट्रीट करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

सो आता ती "मी ठीक आहे" म्हणते तेव्हा मला भीती वाटते. मला तिला कोंडायचं नाहीये यार. मला फक्त या वेळी लेट व्हायचं नाहीये.

देवीची स्टोरी प्रूव्ह कशी करणार?

प्रसाद


हर्नडन
१४ डिसेंबर

प्रसाद,

विनयबद्दल लिहिलंस ते मला माहीत नव्हतं.

तुझा प्रश्न योग्य आहे. म्हणून असं केलं आहे. माझी नात स्वानंदी हिच्याकडून कुमारच्या तिथल्या गाइडबाईंना विचारणा पाठवली: आमच्या सहलीच्या दिवशी किल्ल्यात बायकांचे बूट सापडले का? सापडले असतील तर कुठे, कसे? बस, इतकंच. मजला सांगितला नाही, खांब नाही, रुमाल नाही. कुमारलाही नाही. तुझ्या आईचं पत्र तुझ्याकडे आहे, पाकिटावर टपालाचा शिक्का आहे. उत्तर आलं की ताडून बघ.

जुळलं नाही तर मी स्वतः शिकागोला जाऊन तिचं सामान बांधायला मदत करीन. जुळलं तर किल्ली परत करशील. काहीही झालं तरी डॉक्टरची वेळ रद्द करू नकोस. तिला मी सांगते.

शोभनाआत्या


हर्नडन
१२ जानेवारी २०२५

प्रिय लता,

डॉक्टरकडे गेलीस, चांगलं केलंस. तुझी स्मरणशक्ती वयाला साजेशी आहे आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं त्या म्हणाल्याचं प्रसादने कळवलं. कानांची तपासणी करायला सांगितली आहे, तीही कर.

मात्सुमोतोहून उत्तर आलं. स्वानंदीने वाचून दाखवलं, प्रसादला त्याच वेळी पाठवलं. तपकिरी बूट, पाचव्या मजल्यावर, शेवटच्या जिन्याजवळच्या खांबामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले. वर जांभळा रुमाल पसरलेला, त्यावर पक्षी. झाडणाऱ्या माणसाला वाटलं, कुणीतरी मुद्दाम ठेवले आहेत, परत येईल. म्हणून बंद होईपर्यंत त्याने ते हलवले नाहीत.

गाइडबाईंनी ते ताब्यात घेऊन पाठवले. पार्सल कालच आलं. मी उघडलेलं नाही. २५ तारखेला, शनिवारी, घेऊन येते. प्रसादलाही त्याच शनिवारी यायला सांगितलं आहे. तो हो म्हणाला.

एक गोष्ट समोरासमोर बोलायला मला जमणार नाही, म्हणून इथे लिहिते. विनयचं प्रसादने सांगितलं. त्या दोन वर्षांत मी त्याला तीनदा भेटले होते, आणि प्रत्येक वेळी तू त्याच्या शेजारी बसून त्याची वाक्यं पूर्ण करत होतीस. मी परत येऊन माझ्या मुलाला, शंतनूला म्हटलं होतं, "ही बाई माझ्या भावाला बोलूच देत नाही." मी पाहिलं होतं आणि मला भलतंच वाटलं होतं. निरीक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या बाईला हे लिहिताना बरं वाटत नाही. तू मला सांगायला हवं होतंस. पण मी तुला सांगता येईल अशी बाई नव्हते, हेही खरं.

यापुढे झाकू नकोस. माझं तर नाहीच.

येताना चिवडा विकत घेणार नाही. घरचा करून ठेव.

शोभना


शिकागो, लताचं स्वयंपाकघर
शनिवार, २५ जानेवारी

आज हातोहात दिलं-घेतलं त्याची नोंद. तिघांनी वाचली आहे.

मी लताला पार्सल दिलं. तिने ते सुरीने न कापता गाठी सोडवून उघडलं. आत तपकिरी बूट, पुसलेले, आकार राहावा म्हणून कागद भरलेले. जांभळा रुमाल धुऊन, इस्त्री करून, मोर वर येईल अशी घडी घातलेला. प्लास्टिकची पिशवीही घडी करून ठेवली होती. पिशवी मी टाकायला घेतली, लताने परत घेतली.

प्रसादने लताला गाडीची किल्ली दिली. "आई, दर रविवारी मला खरं सांगायचं. 'मस्त' नाही चालणार." लता म्हणाली, "मग तूही सांग. जेवलास का विचारलं की 'हो' म्हणतोस, आणि मागे मायक्रोवेव्ह वाजत असतो." हे दोघांनी कबूल केलं. पुन्हा तपासणी जुलैत, तेव्हा तिने स्वतः गाडी चालवत जायचं आणि याने शेजारी बसायचं. सांता क्लाराच्या घरांचे फोटो त्याने आमच्यासमोर पुसले. मागच्या खोलीचा एक ठेवला. पाहुणी म्हणून ये, म्हणाला. तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

लताने मला एक फोटो दिला, डेव्हनवरच्या दुकानातून छापून आणलेला. अंधारं आढं, लहानसं देवघर, पांढरे कागद, आणि कोपऱ्यातल्या खिडकीत बर्फाचे डोंगर. मागे तिच्या अक्षरात: मात्सुमोतो, सहावा मजला.

त्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: मी इथे नव्हते. लता होती.

फोटो मिळाला.

शोभना